मैदानातला आणि कार्डावरचा व्हेझिना

लहानपणी आम्ही बबलगमवरची क्रिकेटपटूंची चित्रं जमवायचो, इथे आमची मुलं हॉकीची कार्डं जमवतात. त्यांच्यामुळेच आम्हाला जॉर्ज व्हेझिना भेटला.

जन्म १८८७, क्विबेकमधलं शिकुतिमी. १९१० मध्ये तो माँट्रियल कॅनेडियन्सचा गोलरक्षक झाला आणि पुढची १५ वर्षं त्याने एकही सामना चुकवला नाही. १९१६ चा स्टॅनले कप जिंकताना बर्ट कॉर्बो त्याच्या संघात होता. नोव्हेंबर १९२५ मध्ये अंगात ताप असतानाही तो खेळायला उतरला, पण सामना अर्धवट सोडावा लागला. मार्च १९२६ मध्ये क्षयाने तो गेला.

१९११-१२ च्या, सिगारेटबरोबर मिळणाऱ्या ४५ कार्डांच्या संचात व्हेझिनाचं पहिलं कार्ड आहे. ते सगळ्यांना हवं असतं ते त्याच्या नावामुळे. ब्रँटफर्डच्या पॅटरसन कंपनीच्या १९२३-२४ च्या ४० कार्डांत मात्र दुर्मिळ आहे कॉर्बोचं, कारण ते छापलंच फार कमी. संच सहजासहजी पूर्ण होऊ नये, हाच हेतू!

मुलांना आम्ही एवढंच समजावलं: कार्ड दुर्मिळ करणं छापखान्याच्या हातात असतं. पण सर्वोत्तम गोलरक्षकाच्या ट्रॉफीला आजही व्हेझिनाचं नाव आहे, ते त्याने बर्फावर उभं राहून कमावलं.