सी. के. नायडूंचा षटकार किती लांब जायचा?

तुळजापुरात माळावर टेनिस बॉलने खेळणारी मुले षटकाराचे अंतर मीटरमध्ये सांगत नाहीत. चेंडू कुणाच्या पत्र्यावर पडला, लिंबाच्या झाडापलीकडे गेला, एवढेच सांगतात. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांच्या षटकारांची मापेही अशीच खुणांनी उरली आहेत. त्या काळी ना टीव्ही होता, ना अंतर मोजणारे कॅमेरे.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. उंची सहा फुटांहून जास्त. १९१६ मध्ये ते हिंदू संघाकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले, पुढे होळकरांच्या आश्रयाने इंदूरला गेले. मद्रासच्या चेपॉक मैदानावर त्यांनी मारलेला चेंडू मैदानाबाहेर ५० यार्डांवरच्या नारळाच्या झाडापाशी पडला, असे सांगितले जाते.

खरा गाजला तो १ डिसेंबर १९२६ चा डाव. बॉम्बे जिमखान्यावर आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध हिंदू संघ खेळत होता. पाहुण्यांच्या गाय अर्ल यांनी आधी ८ षटकार ठोकले होते. नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार. म्हणजे ६६ धावा नुसत्या षटकारांच्या! एक चेंडू तर जिमखान्याच्या छपरावर गेला. या दौऱ्यातला भारतीयांचा खेळ पाहून गिलिगन यांनी भारताची बाजू उचलून धरली. १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि २५ जून १९३२ रोजी भारत लॉर्ड्सवर पहिल्या कसोटीत उतरला. पोरबंदरच्या महाराजांनी बाजूला होऊन कर्णधारपद नायडूंना दिले. दुखऱ्या हाताने काढलेल्या त्यांच्या ४० धावा पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ठरल्या.

त्याच दौऱ्यात नायडूंनी ३२ षटकार मारले. एजबॅस्टनवरचा एक री नदीपार गेला. नदी तशी लहानच, मैदानाला लागून वाहणारी. पण पूर्वी ती दोन परगण्यांची हद्द असल्याने, चेंडू वॉरिकशरमधून निघून वूस्टरशरमध्ये पडला, असे लोक गमतीने सांगत राहिले.

कसोट्या मात्र त्यांच्या वाट्याला सातच आल्या. पहिली खेळले तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६७ मध्ये इंदूरला त्यांचे निधन झाले. त्याच्या चार वर्षे आधी, वयाच्या ६८व्या वर्षी, ते महाराष्ट्र राज्यपालांच्या संघाकडून अखेरचा प्रथम श्रेणी सामना खेळले होते.