कप्तान कूस्तो आणि त्यांचा समुद्र

वाचकहो, एलातला जाऊन काचेआडून प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे पाहून आलेली मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. पाण्याखालचे हे जग ज्यांनी घरोघर पोहोचविले, त्या फ्रेंच दर्यावर्दी जॅक कूस्तो यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचा जन्म ११ जून १९१० रोजी बोर्दो शहराजवळच्या सें-आंद्रे-द-क्युब्झाक या लहान गावी झाला. नौदलाच्या विद्यालयात शिकून त्यांना वैमानिक व्हायचे होते. परंतु १९३६ साली मोटारीच्या अपघातात हातांना जबर इजा झाली आणि विमानाचा नाद सोडावा लागला. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून ते तुलाँ बंदराच्या बाजूला समुद्रात पोहू लागले. नौदलातील सहकारी फिलिप ताये यांनी त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी पाण्याखाली डोके घातले आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

त्या काळी पाणबुड्याच्या अंगावर जड पोशाख, डोक्यावर धातूचे शिरस्त्राण आणि वर बोटीपर्यंत गेलेली हवेची नळी असे. दावणीला बांधलेल्या बैलासारखीच त्याची गत. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो, म्हणून आत ओढलेली हवाही तितक्याच दाबाची असावी लागते. नाहीतर छाती फुगतच नाही. युद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा मोटारी गॅसवर चालविण्यासाठी एमील गान्यां या इंजिनियरने एक झडप तयार केली होती. कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ साली तीच सुधारून पाणबुड्याच्या कामाला लावली. पाठीवर दाबलेल्या हवेची नळकांडी, आणि श्वास घ्यावा तेव्हा हवी तेवढीच हवा देणारी ती झडप. माणूस माशासारखा मोकळा झाला. नाव कूस्तोंचे झाले, पण आमच्या मते निम्मे श्रेय गान्यांचे आहे. या साधनाने जीवही घेतला. १९४७ साली त्यांच्या तुकडीतील मोरीस फार्ग हे सुमारे १२० मीटर खोलीवर बेशुद्ध होऊन मरण पावले.

आता एक गोष्ट, जी आपल्या पानांत टाळता येत नाही. कूस्तोंचे थोरले बंधू प्येर-आंत्वान हे जर्मन कब्जाच्या काळात यहुद्यांविरुद्ध गरळ ओकणाऱ्या एका वर्तमानपत्राचे संपादक होते. १९४६ साली त्यांना देहान्ताची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. धाकट्याने स्वतः इटालियनांविरुद्ध हेरगिरीचे काम केले आणि त्याबद्दल त्यांचा गौरवही झाला. तरी १९४१ सालच्या त्यांच्या एका खाजगी पत्रात यहुद्यांविषयी हीन शब्द आहेत, हे त्यांच्या मृत्यूनंतर उजेडात आले. त्याच वेळी फ्रान्समध्ये आपल्या लोकांवर काय गुजरत होते हे सांगायला नको. पुढचे चांगले काम मागच्या शब्दांना पुसून टाकते असे आम्ही मानीत नाही. आणि ते शब्द होते म्हणून पुढचे काम झाकून ठेवणेही आम्हांस पटत नाही.

१९५० साली त्यांना 'कॅलिप्सो' ही बोट मिळाली. ती मूळची सुरुंग काढण्याची युद्धनौका. गिनेस घराण्यातील एका धनिकाने ती विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक भाड्याने त्यांना दिली. ती सज्ज करण्यासाठी पत्नी सिमोन यांनी आपले दागिने विकले, आणि पुढे त्यांनी नवऱ्यापेक्षाही अधिक काळ त्या बोटीवर काढला. पहिली मोठी मोहीम १९५१ साली निघाली ती आपल्या तांबड्या समुद्रातच, प्रवाळ पाहायला.

१९५६ सालच्या त्यांच्या चित्रपटाला कान येथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, पुढच्या वर्षी ऑस्करही मिळाले. आज तो पाहताना अंगावर काटा येतो. मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडविला आहे. बोटीच्या पंख्याने देवमाशाचे पिल्लू जखमी होते, त्याचे रक्त पाहून शार्क जमतात (आपल्या कोकणातील मुशीचेच हे मोठे भाऊबंद), आणि खलाशी त्यांना वर ओढून कुऱ्हाडीने ठेचतात. जणू समुद्र कधी संपायचाच नाही. १९५४ साली तर याच बोटीने आखातात अबू धाबीजवळ तेलाचा शोध घेऊन दिला. मोहिमांना पैसा लागतो, तो असा येई.

पण हा माणूस वर्षानुवर्षे त्याच त्या ठिकाणी बुडी मारीत राहिला, आणि पूर्वी जेथे मासे होते तेथे उघडे खडक त्याला दिसू लागले. १९६० साली भूमध्य समुद्रात अणुकचरा बुडविण्याचा फ्रेंच सरकारचा बेत होता. कूस्तो तेव्हा मोनॅकोच्या समुद्र-संग्रहालयाचे संचालक होते. त्यांनी लोकांना उठविले आणि तो बेत मोडला. १९६३ साली सुदानच्या किनाऱ्याजवळ शाब रूमी येथे, १० मीटर पाण्याखाली उभारलेल्या घरात त्यांची पाच माणसे एक महिना राहिली. माणसाने समुद्राच्या तळाशी वस्ती करावी हे त्यांचे स्वप्न. ते त्यांनी पुढे स्वतःच सोडून दिले.

१९६८ पासून त्यांची मालिका दूरचित्रवाणीवर लागली, आणि लाल टोपीतील हा कृश म्हातारा मुलांना घरच्या आजोबांसारखा ओळखीचा झाला. १९७३ साली त्यांनी समुद्ररक्षणासाठी संस्था काढली. १९७९ साली धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ सागरी विमानाच्या अपघातात गेला. बाप खचला, पण थांबला नाही. १९९० साली अंटार्क्टिकात खाणी होऊ नयेत म्हणून त्यांनी लाखो सह्या गोळा केल्या. १९९१ साली माद्रिदच्या कराराने तेथे खाणकामाला बंदी झाली.

सिमोन १९९० साली वारल्या. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका पडावाची धडक बसून 'कॅलिप्सो' बुडाली. ती वर काढली गेली, पण पुन्हा मोहिमेवर गेली नाही. कूस्तो २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी निवर्तले. त्यांना समुद्रात नव्हे, जन्मगावच्या मातीत पुरले आहे.