संध्याकाळची कणकण आणि वानलेसवाडी

सांगलीत विश्रामबागला लागून वानलेसवाडी आहे. तिला ज्यांचे नाव मिळाले ते डॉ. विल्यम वानलेस १८६५ मध्ये कॅनडात जन्मले. १८८९ मध्ये ते भारतात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत वैद्यकीय मिशन सुरू केले आणि १८९७ पासून तिथे वैद्यकीय शिक्षणही दिले जाऊ लागले. शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून रुग्ण मिरजेला येत.

क्षयावर मात्र तेव्हा औषधच नव्हते. वानलेस यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या क्षयरोग रुग्णालयात मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हेच उपचार होते.

मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतो. जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशींतील रसायनांमुळे ही पातळी वर सरकते. मग अंग गरम असूनही थंडी वाजते. पातळी खाली आली की घाम फुटतो. निरोगी माणसाचे तापमानही संध्याकाळी थोडे वाढते. क्षयात त्यावर तापाची भर पडते, म्हणून संध्याकाळी कणकण आणि रात्री घाम.

१९२८ मध्ये वानलेस यांना ‘सर’ किताब मिळाला. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. क्षयावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, त्यानंतर दहा वर्षांनी सापडले. आज साधा क्षय साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत मिळतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप असेल, तर थुंकी तपासून घ्यावी.