विंचवाचा डंख

१९५८ च्या फेब्रुवारी महिन्यात इटलीतील मोंझा येथील शर्यतीच्या मार्गावर एक इवलीशी मोटार सात दिवस आणि सात रात्री धावत होती. चालक बदलत होते, पेट्रोल भरण्यापुरती ती थांबत होती आणि पुन्हा निघत होती. १६८ तास पूर्ण झाले तेव्हा तिने १८ हजार १८६ किलोमीटर अंतर कापले होते आणि तिच्या गटातील सहा आंतरराष्ट्रीय विक्रम तिच्या नावावर लागले होते. सरासरी वेग होता ताशी १०८ किलोमीटर. ही मोटार होती फियाट ५००. जुलै १९५७ मध्ये बाजारात आलेल्या मूळ गाडीचे दोन सिलिंडरचे, ४७९ सीसीचे, हवेने थंड होणारे इंजिन जेमतेम १३ अश्वशक्ती देत असे आणि तिचा कमाल वेग होता ताशी ८५ किलोमीटर. इटालियन ग्राहकाने सुरुवातीला तिच्याकडे पाठच फिरवली होती. जो वेग या गाडीला क्षणभरही गाठता येत नव्हता, त्याहून अधिक वेगाने तिला आठवडाभर पळवून दाखवणारे गृहस्थ होते कार्लो अबार्थ.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ रोजी व्हिएन्ना येथे झाला. पाळण्यातले नाव कार्ल. पुढे इटलीत स्थायिक झाल्यावर त्याचे कार्लो झाले. पाश्चात्त्य गणनेनुसार त्यांची रास वृश्चिक. म्हणूनच पुढे त्यांनी आपल्या कंपनीचे बोधचिन्ह म्हणून विंचू निवडला. तोच विंचू २०१५ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेल्या अबार्थ पुंटो या गाडीवर आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसला. मात्र हे चिन्ह ज्याच्या पत्रिकेतून आले, त्या माणसाची ओळख आपल्याकडे फारशी कोणाला नव्हती.

तरुणपणी अबार्थ यांना वेड होते ते मोटारसायकलींचे. १९२८ मध्ये, विशीत पोहोचण्यापूर्वीच, त्यांनी पहिली शर्यत जिंकली. पुढे एका गंभीर अपघातानंतर त्यांनी दुचाकीची शर्यत सोडून साइडकार जोडलेल्या मोटारसायकलीचा मार्ग धरला आणि ती साइडकारही स्वतःच्या कल्पनेने बनवली. १९३४ मध्ये त्यांनी थेट ओरिएंट एक्स्प्रेस या विख्यात आगगाडीशी पैज लावली. बेल्जियममधील ऑस्टेंड ते व्हिएन्ना हे तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर त्यांनी आगगाडीच्या आधी पार केले. कंपनीच्या जाहिरात खात्याला हेवा वाटावा अशी ही कल्पना होती. आणि तेव्हा तर त्यांच्यापाशी विकायला काही नव्हतेही. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युगोस्लाव्हियात झालेल्या दुसऱ्या अपघाताने मात्र त्यांची शर्यतीतील कारकीर्दच संपवली. युद्धाची वर्षे त्यांनी लुब्लियाना येथे काढली आणि युद्ध संपल्यावर ते इटलीत आले.

तेथे उद्योगपती पिएरो दुझियो यांच्या चिझितालिया या कंपनीत ते रुजू झाले. पोर्शे घराण्याशी त्यांचा जुना परिचय होता आणि चिझितालियासाठी पोर्शे यांच्या कचेरीतून एका महत्त्वाकांक्षी शर्यतीच्या गाडीचा आराखडाही तयार झाला. परंतु त्या गाडीच्या खर्चानेच कंपनी बुडाली. दुझियो अर्जेंटिनाला निघून गेले आणि अबार्थ यांच्या वाट्याला देणी म्हणून काही शर्यतीच्या गाड्या व सुटे भाग आले. या भांडवलावर ३१ मार्च १९४९ रोजी त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. पुढच्याच वर्षी, १० एप्रिल १९५० रोजी, थोर शर्यतपटू ताझिओ नुवोलारी यांनी सिसिलीतील माँते पेलेग्रीनोच्या घाटातील शर्यतीत अबार्थ यांच्या गाडीने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. नुवोलारी यांचे ते अखेरचे यश ठरले.

शर्यती जिंकून पोट भरत नाही, हे चिझितालियाच्या उदाहरणावरून अबार्थ यांना कळून चुकले होते. त्यांनी उपजीविकेसाठी निवडलेली वस्तू अगदी साधी होती : सायलेन्सर. सामान्य गाडीच्या सायलेन्सरमध्ये आवाज मारण्यासाठी आडव्या पडद्या घातलेल्या असतात. त्यांच्यावर आदळत, वळसे घेत जळका वायू बाहेर पडतो आणि इंजिनाची काही शक्ती त्याला ढकलण्यातच खर्ची पडते. अबार्थ यांच्या सायलेन्सरमध्ये भोके पाडलेली सरळ नळी होती आणि तिच्याभोवती काचतंतूंचे आवरण. वायूला वाट मोकळी मिळाली आणि आवाज खर्जात उतरला. आवाज वाढला म्हणजे गाडीची ताकद वाढली, असे समजणारे आपल्याकडे आजही कमी नाहीत. अबार्थ यांना हा भेद नेमका ठाऊक होता, आणि गिऱ्हाईक पुष्कळदा आवाजालाच भुलते हेही ते ओळखून होते. १९६२ पर्यंत असे अडीच लाखांहून अधिक सायलेन्सर विकले गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक परदेशी. तुरीनच्या कोर्सो मार्चे या रस्त्यावरील कारखाना त्यावरच उभा राहिला.

सायलेन्सरच्या पाठोपाठ आली परिवर्तनाची पेटी. लाकडी खोक्यात पिस्टन, कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर, सायलेन्सर असे सगळे सुटे भाग नीट रचून विकले जात. आपली साधी फियाट घेऊन कोणीही गॅरेज गाठावे, मेस्त्रीकडून ते भाग बसवून घ्यावेत आणि वेगवान गाडी घेऊन घरी जावे, अशी ती योजना होती. युद्धाने कंबरडे मोडलेल्या देशात फेरारी विकत घेणे कोणाला शक्य होते? लहान गाडीत मोठ्या गाडीचा थोडासा तोरा मात्र अनेकांना परवडत होता.

फियाट ५०० चे इंजिन हे या कसबाची खरी परीक्षा होते. अभियंता दांते जाकोझा यांनी ते स्वस्त आणि टिकाऊ व्हावे म्हणून आखले होते. गाडीच्या मागील बाजूस शेजारीशेजारी उभे दोन सिलिंडर. त्यांतील पिस्टन एकदमच वर जात आणि एकदमच खाली येत. पाण्याचा रेडिएटर नाही. पंख्याने ओढलेली हवा पत्र्याच्या आच्छादनातून सिलिंडरच्या कंगोऱ्यांवरून फिरवली जाई, एवढीच थंड करण्याची सोय. अशा इंजिनातून अधिक शक्ती काढायची, तर वाटा तीनच. सिलिंडरचा व्यास किंवा पिस्टनचा फेरा वाढवून त्यात अधिक मिश्रण मावेल असे करायचे. ते मिश्रण जळण्यापूर्वी अधिक दाबायचे. आणि मोठा कार्ब्युरेटर, झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट व मोकळा सायलेन्सर बसवून इंजिनाला जलद श्वास घ्यायला लावायचे. या तिन्ही वाटा शेवटी एकाच संकटाशी येऊन थांबतात. ते संकट म्हणजे उष्णता. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ती वाहून नेण्याला पाण्याचा आधार असतो. येथे तो नाही. उष्णता साचली की तेल पातळ होते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. शक्ती क्षणभर काढणे सोपे, ती टिकवणे अवघड. मोंझा येथे एका फेरीच्या वेगाऐवजी सात दिवसांची धाव निवडण्यात अबार्थ यांची खरी हुशारी होती.

तेलावरचा भार ओळखून त्यांनी इंजिनाखालचे तेलाचे भांडे बदलले. मूळच्या जागी अधिक तेल मावेल असे, खाली कंगोरे असलेले ॲल्युमिनियमचे भांडे आले. धावताना त्याच्यावरून वारा जाई आणि तेल थंड राही. शर्यतीच्या गाड्यांचे मागचे झाकण अर्धवट उघडे, दांड्यांवर टेकवलेले असे, तेही उष्णता बाहेर पडावी म्हणूनच. पुढे त्या झाकणाचा वाऱ्यातही फायदा होतो असे आढळले. गाडीवर विंचू नसला तरी उघड्या झाकणावरून लोक अबार्थ ओळखू लागले.

१९६३ मध्ये फियाट अबार्थ ५९५ आली. सिलिंडरचा व्यास ६७.४ मिलिमीटरवरून ७३.५ मिलिमीटर झाला, फेरा ७० मिलिमीटरच राहिला आणि इंजिन सुमारे ५९४ सीसीचे झाले. ६०० सीसीच्या गटात बसेल, पण गटाचा एक थेंबही वाया जाणार नाही, असा हा हिशेब. साध्या फियाट ५०० मध्ये तेव्हा साडेसतरा अश्वशक्ती होती; ५९५ मध्ये २७ आणि वेग ताशी १२० किलोमीटर. पुढच्या वर्षी व्यास व फेरा दोन्ही ७६ मिलिमीटर करून ६९५ निघाली. तिच्या ‘एसएस’ आवृत्तीत ३८ अश्वशक्ती होती आणि पाचशे किलोंच्या आसपास वजनाची ती गाडी ताशी १४० किलोमीटरपर्यंत जाई. ज्या रचनेची सुरुवात १३ अश्वशक्तीने झाली, तिच्यातून सात वर्षांत जवळपास तिप्पट शक्ती काढली गेली होती.

अबार्थ यांचा स्वभाव हट्टी आणि शिस्तीचा. २० ऑक्टोबर १९६५ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षात, ते स्वतः मोंझाच्या मार्गावर उतरले. विक्रमासाठी बांधलेल्या एकआसनी गाडीत त्यांचे शरीर मावत नव्हते. सुमारे तीस किलो वजन त्यांनी घटवले, तेही मुख्यतः सफरचंदांवर राहून. त्या दिवशी त्यांनी कंपनीच्या विक्रमांची शंभरी गाठून दिली.

यशाची दुसरी बाजू मात्र कंपनीच्या हिशेबाच्या वहीत होती. १९५८ च्या विक्रमानंतर फियाटने प्रत्येक विजयामागे आणि विक्रमामागे अबार्थ यांना रक्कम देण्याचे मान्य केले होते. गाड्याही फियाटच्या, बक्षीसही फियाटचे. जितके विजय वाढले तितके हे अवलंबनही वाढले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मोठ्या शर्यतींच्या गाड्यांकडे मोर्चा वळवला, आणि चिझितालियाला ज्या खर्चाने गिळले त्याच जातीचा खर्च आता त्यांच्या दारात उभा राहिला. लहान इंजिनाची मर्यादा इतक्या अचूक ओळखणाऱ्या माणसाने आपल्या लहान कारखान्याची मर्यादा ओळखली नाही, असे म्हणावे लागते. १९७१ मध्ये कंपनी फियाटच्या मालकीची झाली. शर्यतीच्या गाड्यांचा विभाग एन्झो ओसेला यांच्याकडे गेला आणि कोर्सो मार्चेचा कारखाना फियाटच्या रॅली गाड्या बनवू लागला.

अबार्थ काही काळाने व्हिएन्नाला परतले. २४ ऑक्टोबर १९७९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मूळ फियाट ५०० चे उत्पादन त्याआधी चार वर्षे, १९७५ मध्ये, थांबले होते.

फियाटने २००७ मध्ये अबार्थ हे नाव पुन्हा बाजारात आणले आणि पुढच्या वर्षी नव्या अबार्थ ५०० साठी शक्ती वाढवणारे सुटे भाग लाकडी खोक्यातून विकायला काढले. २०२२ मध्ये अबार्थची विजेवर चालणारी ५००-ई सादर झाली. तिला सिलिंडर नाही, सायलेन्सरही नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या अबार्थचा खर्जातला आवाज ऐकू यावा म्हणून तिच्यात एक ध्वनियंत्र बसवले आहे.