मिलानच्या रस्त्यांवरील वेदी



सगळे सुरळीत चालले असते तेव्हा कोणीही पुढारी शोभून दिसतो. त्याची खरी पारख घडी विस्कटल्यावर होते, मग ती संस्था धर्मग्राम असो, शाळा असो की पतपेढी. ४ नोव्हेंबरला आपण ज्यांचा सण साजरा करतो, त्या संत चार्ल्स बोरोमिओ यांचे जीवन या दृष्टीने पाहू या.

चार्ल्स यांचा जन्म २ ऑक्टोबर १५३८ रोजी उत्तर इटलीतील आरोना येथे सरदार घराण्यात झाला. १५५९ च्या अखेरीस त्यांचे मामा पायस चौथे या नावाने पोप झाले आणि अवघ्या २१ व्या वर्षी भाचा कार्डिनल झाला. त्या काळी पदे अशीच नात्यागोत्यात वाटली जात. ख्रिस्तसभेला जडलेला हा एक रोगच होता. पण या भाच्याने पदाची चैन केली नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेचे शेवटचे पर्व १५६२-६३ मध्ये चालू असताना रोममधून तिचा पत्रव्यवहार त्यांनी सांभाळला. १५६२ मध्ये थोरला भाऊ वारला. आता लग्न करून घराणे चालवावे, असा आप्तांचा आग्रह होता. चार्ल्स यांनी १५६३ मध्ये गुरुदीक्षा घेतली.

परिषदेचे ठराव कागदावर होते, ते जमिनीवर आणायचे कोणी? १५६५ मध्ये चार्ल्स महागुरुस्वामी म्हणून मिलानला गेले. सुमारे ८० वर्षे तिथे एकही महागुरुस्वामी मुक्कामाला राहिला नव्हता. त्यांनी धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी सेमिनरी उभारली, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळांना बळ दिले आणि आल्प्स पर्वतातील खेड्यापाड्यांना स्वतः भेटी दिल्या. पुढील वर्षांत ६ प्रांतिक आणि ११ धर्मप्रांतीय सभा भरवून त्यांनी सर्वांना एकत्र बसवले.

बदल सर्वांनाच रुचत नाही. हुमिलियाती नावाच्या श्रीमंत व्रतस्थ संघाला शिस्त लावू जाताच, १५६९ मध्ये त्याच संघातील एकाने संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांच्यावर गोळी झाडली. ते बचावले आणि काम तसेच पुढे चालू राहिले.

सर्वात मोठी परीक्षा १५७६ मध्ये आली. मिलानमध्ये प्लेग शिरला. गव्हर्नर शहर सोडून गेले. चार्ल्स बाहेरगावी होते, ते परत आले, मृत्युपत्र केले आणि कामाला लागले. रोग्यांच्या तळावर जाऊन त्यांनी साक्रामेंते दिली. सोबत येण्यास धर्मगुरूंना तयार केले. भुकेल्यांना जेवू घालताना डोक्यावर कर्ज झाले. महालातील पडदे आणि भिंतींवरची भारी वस्त्रे उतरवून त्यांनी गरिबांसाठी कपडे शिवून घेतले.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी गळ्यात दोर बांधून अनवाणी पायांनी प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या. नगराच्या अधिकाऱ्यांना गर्दीची धास्ती होती आणि आजच्या ज्ञानाने पाहता ती रास्तच होती. महिनाअखेर सर्वांना घरातच राहण्याचा हुकूम निघाला. आता मिस्सा कुठे? प्रार्थना कशी? चार्ल्स हुकुमाशी भांडत बसले नाहीत. त्यांनी रस्त्यांवर आणि चौकांत वेदी उभारल्या, म्हणजे लोकांना आपापल्या खिडकीतून मिस्सा पाहता येईल. दिवसातून सात वेळा घंटा वाजे आणि घराघरांच्या दारा-खिडक्यांतून प्रार्थना व गीते सुरू होत. एका घराने म्हणावे, समोरच्याने उत्तर द्यावे. माणसे कोंडलेली होती, पण एकाकी नव्हती.

त्या साथीत शहरातील हजारो माणसे दगावली. चार्ल्स वाचले, पण देह झिजला होता. ३ नोव्हेंबर १५८४ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, ते देवाघरी गेले. १६१० मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हा धर्मगुरूंना साध्य आणि साधन यांतला फरक शिकवतात. अडचणीच्या वेळी माणूस साधनालाच मिठी मारतो. नेहमीची वेळ, नेहमीची जागा, नेहमीची रीत. ते सुटले की सगळेच बुडाले, असे त्याला वाटते. चार्ल्स यांनी साध्य घट्ट धरले, म्हणून त्यांना साधन बदलता आले. लोकांनी देवापासून आणि एकमेकांपासून तुटू नये, एवढे त्यांनी पक्के ठेवले. जागा, वेळ आणि रीत बदलली. आणि हे सारे त्यांनी लोकांत राहून केले. जो सोडून गेला, त्याला नवी वाट सुचणार तरी कशी?

२०२० च्या पवित्र सप्ताहात आपल्या चर्चची दारे बंद होती. आपण घरी बसून मोबाइलवर मिस्सा पाहिली. ती अडचण सरली, पुढे दुसरी येईल. तोवर आपल्या पॅरिश कौन्सिलने, मंडळांनी आणि घरांनीही एक प्रश्न आजच विचारून ठेवावा : आपण जे करत आलो आहोत, त्यातले काय कशासाठी करतो? उत्तर ठाऊक असेल, तर रीत बदलताना आपले मन कचरणार नाही.