काल्पनिक भूमीचा प्रामाणिक शिल्पकार : जे. आर. आर. टोल्किन



शिक्षणासाठी नाशिक, पुणे, सुरतेला गेलेली आपली मुले सुटीत घरी येतात, तेव्हा हल्ली त्यांच्याबरोबर एक नवा खेळ येऊ लागला आहे. ओट्यावर चार-पाच जण गोल करून बसतात. मध्ये वह्या, पेन्सिली, हाताने काढलेला एक नकाशा आणि विचित्र आकाराचे फासे असतात. एखाद्याला चार बाजू, एखाद्याला वीस. एकजण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात : कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी वाटाड्या. सूत्रधार प्रसंग सांगतो, प्रत्येकाने आपले पात्र काय करील ते सांगायचे आणि जमले की फसले ते फाशावर ठरायचे. एका बैठकीत खेळ संपत नाही. तीच माणसे तीच मोहीम महिनोन्महिने पुढे नेतात.

मिस्सानंतर काही पालकांनी काळजीने विचारले, की फासे आहेत म्हणजे हा जुगार आहे का, आणि राक्षस, जादू हे सगळे आपल्या श्रद्धेत बसते का? ही काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या जिल्ह्यात डाकीण या एका शब्दाने किती स्त्रियांची घरे उद्ध्वस्त झाली, किती जणींचे जीव गेले, हे आपण जाणतो. जुगाराचे उत्तर सोपे आहे : या खेळात पैसा लावत नाहीत आणि कोणी कोणाला हरवत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र एका माणसाच्या आयुष्याकडे पाहावे लागेल. त्याने हा खेळ कधी पाहिला नाही, पण त्याच्या पुस्तकांवाचून तो आज आहे तसा झाला नसता. हा माणूस आयुष्यभर निष्ठावंत कॅथलिक होता.

जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लोमफाँटेन येथे झाला. वडील तेथे बँकेत व्यवस्थापक होते. रोनाल्ड तीन वर्षांचे असताना आई मेबल त्यांना आणि धाकट्या हिलरीला घेऊन इंग्लंडला आली. वडील मागाहून यायचे होते. ते आलेच नाहीत. १८९६ च्या फेब्रुवारीत आफ्रिकेतच आजाराने वारले. बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात मायलेकरे राहिली. तेथील पाणचक्की, ओढा आणि झाडे रोनाल्ड जन्मभर विसरले नाहीत.

१९०० साली मेबलने कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. घरच्यांना हे रुचले नाही आणि त्यांनी पैशाची मदत थांबवली. विधवा बाई, पदरी दोन मुले, आणि श्रद्धेपायी तुटलेले माहेर. आपल्यातील कित्येक कुटुंबांना हे दुःख कोणी समजावून सांगायला नको. तिने मुलांना स्वतः लॅटिन शिकवले, झाडापानांची ओळख करून दिली. पुढे तिला मधुमेह झाला. इन्सुलिनचा शोध १९२१ साली लागला. मेबल १४ नोव्हेंबर १९०४ रोजी गेली, चौतीस वर्षांची असताना. रोनाल्ड बारा वर्षांचे होते. आपली आई श्रद्धेसाठी झिजून मेली, ही भावना त्यांच्या मनात कायम राहिली.

मरण्यापूर्वी तिने मुलांना बर्मिंगहॅम ऑरेटरीच्या फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्या स्वाधीन केले होते. ही ऑरेटरी संत जॉन हेन्री न्यूमन यांनी स्थापन केलेली. (न्यूमन यांना २०१९ मध्ये संतपद मिळाले.) फादर फ्रान्सिस यांनी मुलांच्या खर्चासाठी गाजावाजा न करता स्वतःचे पैसे घातले. मुले रोज सकाळी त्यांच्या मिस्साला सेवा करीत आणि मग शाळेत जात. आणि याच फादरांनी रोनाल्डला सर्वांत कठीण आज्ञाही केली. सोळाव्या वर्षी रोनाल्डची ओळख एडिथ ब्रॅट या एकोणीस वर्षांच्या अनाथ मुलीशी झाली आणि दोघे प्रेमात पडले. अभ्यास मागे पडतो आहे हे पाहून फादरांनी सांगितले, की एकवीस वर्षांचा होईपर्यंत तिला भेटायचे नाही, पत्रही लिहायचे नाही. रोनाल्डने आज्ञा पाळली. एकविसावा वाढदिवस लागला त्याच रात्री त्याने एडिथला पत्र लिहिले. तिचे तोवर दुसरीकडे ठरले होते. तिने ते मोडले, कॅथलिक झाली आणि २२ मार्च १९१६ रोजी दोघांचा विवाह झाला.

थोड्याच आठवड्यांत नवरा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेला. सॉमच्या लढाईत ते संदेशवहन अधिकारी होते. शाळेत चहा पिताना कवितांच्या गप्पा मारणारे त्यांचे तीन जिवलग मित्र होते. त्यांपैकी रॉब गिल्सन १ जुलै १९१६ रोजी पडले, जेफ्री स्मिथ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेले. टोल्किन उवांमुळे होणाऱ्या खंदकतापाने आजारी पडून परतले, म्हणून वाचले. त्या आजारपणातच, वहीत, त्यांनी आपल्या काल्पनिक भूमीच्या पहिल्या कथा लिहिल्या.

पण कथेच्या आधी भाषा होती. लहानपणी रेल्वेच्या कोळशाच्या डब्यांवर लिहिलेली वेल्श गावांची नावे पाहून हा मुलगा वेडावून गेला होता. पुढे फिनिश भाषेने तसेच वेड लावले. या दोन्हींच्या नादाने त्यांनी स्वतःच्या भाषा रचल्या, व्याकरणासह. मग त्या भाषा बोलणारे लोक कोण, ते कोठून आले, त्यांची ताटातूट कशी झाली, हे शोधत गेले तेव्हा इतिहास तयार झाला. शहाद्याच्या किंवा नवापूरच्या बाजारात दिवसभर बसवले असते, तर हा गृहस्थ संध्याकाळी उठला नसता असे वाटते. मावची, पावरी, वसावी, गुजरी, अहिराणी आणि मराठी, सारे एकाच रस्त्यावर!

युद्धानंतर ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशासाठी शब्दांची मुळे शोधण्याचे काम, मग लीड्समध्ये अध्यापन, आणि १९२५ पासून १९५९ पर्यंत ऑक्सफर्डला प्राध्यापकी. बाहेरून पाहता यात सांगण्यासारखे काही नाही. चार मुले झाली : जॉन, मायकेल, ख्रिस्तोफर आणि प्रिसिला. जॉन पुढे धर्मगुरू झाले. मुलांसाठी दर नाताळला हा बाप नाताळबाबाच्या नावाने थरथरत्या अक्षरात, चित्रे काढून पत्रे लिही. हे वीस वर्षांहून अधिक काळ चालले.

१९३० च्या सुमारास परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याने सोडलेल्या कोऱ्या पानावर त्यांनी सहज एक वाक्य लिहिले : जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या हॉबिट नावाच्या जीवाबद्दल. त्यातून मुलांना सांगायची गोष्ट झाली. ती ऐकताना छोटा ख्रिस्तोफर चुका काढी. मागच्या वेळी दार निळे होते, आज हिरवे कसे? टोपीचा गोंडा सोनेरी होता, रुपेरी कधी झाला? वडील चरफडत, पण उठून टिपण करून ठेवत. माझ्या मते त्यांचे खरे गुरुकुल हेच. हल्ली ओट्यावर बसणाऱ्या सूत्रधारालाही असाच एक ख्रिस्तोफर समोर असतो आणि त्याला मागच्या महिन्यातले सगळे आठवत असते.

द हॉबिट १९३७ च्या सप्टेंबरमध्ये निघाले. प्रकाशकांनी हस्तलिखित आधी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिले होते आणि अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला. त्याच डिसेंबरमध्ये पुढचा भाग सुरू झाला. पूर्ण व्हायला सुमारे बारा वर्षे लागली. तोच द लॉर्ड ऑफ द रिंग्ज, १९५४-५५ मध्ये तीन खंडांत छापलेला.

ही बारा वर्षे कशी गेली ते पाहण्यासारखे आहे. नकाशा समोर ठेवूनच ते लिहीत. माणूस पायी दिवसाला किती चालेल, घोड्यावर किती, वाटेत नदी आली तर काय, हे मोजून पात्रे पुढे सरकत. एका तुकडीला रात्री पौर्णिमेचा चंद्र दिसला, तर शंभर मैलांवरच्या दुसऱ्या तुकडीला त्याच रात्री अमावास्या असून चालणार नाही. चंद्र जुळेना तेव्हा त्यांनी लिहिलेली प्रकरणे पुन्हा लिहिली. मोठा नकाशा आलेखाच्या कागदावर ख्रिस्तोफरने काढून दिला. १९४४ साली ख्रिस्तोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता, बापाच्या जन्मभूमीत; तिकडे टपालाने एकेक प्रकरण जाई. कथेच्या पंचांगातही त्यांची श्रद्धा दिसते. नऊ सोबती २५ डिसेंबरला मोहिमेवर निघतात आणि दुष्ट मुद्रिका २५ मार्चला नष्ट होते, म्हणजे देवदूताने मरियेला संदेश दिला त्या सणाच्या दिवशी. पुस्तकात हे कोठेही बोलून दाखवलेले नाही.

मुद्रिका म्हणजे दुसऱ्यांवर सत्ता गाजवण्याची हाव. ती चांगल्या माणसालाही पोखरते, म्हणून ती वापरून चांगले करता येत नाही; ती टाकूनच द्यावी लागते. बिल्बो या हॉबिटला एकदा गॉलम नावाच्या विश्वासघातकी जीवाला मारण्याची संधी असते, पण दया येऊन तो त्याला सोडतो. अनेक वर्षांनी, शेवटच्या क्षणी, मुद्रिका वाहून नेणारा फ्रोडो मोहाला बळी पडतो. तेव्हा त्याच गॉलमच्या झटापटीत मुद्रिका अग्नीत पडते. पराक्रम अपुरा पडला, जुनी दया उपयोगी आली.

अखेरपर्यंत ते मिस्साला जात राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आला, तो त्यांना जड गेला. आणि चर्चमध्ये ते लॅटिनमध्येच उत्तरे देत. जेरुसलेम बायबलच्या १९६६ च्या इंग्रजी आवृत्तीत योनाच्या पुस्तकाच्या भाषांतराला त्यांचा हातभार होता. एडिथ १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये गेली. २ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते प्रभुघरी गेले. अंत्यविधीचा मिस्सा मुलाने, फादर जॉन यांनी अर्पण केला. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत पतिपत्नी एकाच थडग्यात विसावली आहेत.

चारच महिन्यांनी, जानेवारी १९७४ मध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून एक खोका बाहेर पडला : तीन पुस्तिका, नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पहिल्या छपाईच्या १,००० प्रती. कर्ते दोन. गॅरी गायगॅक्स यांची विमा कंपनीतली नोकरी गेली होती आणि ते जोडे दुरुस्त करीत. डेव्ह आर्नेसन यांनी एक काल्पनिक प्रदेश रचून मित्रांबरोबर आधीच खेळून पाहिला होता. त्या पुस्तिकांत हॉबिट होते, ऑर्क होते. टोल्किन यांच्या पुस्तकांचे व्यापारी हक्क असलेल्यांनी हरकत घेतल्यावर १९७७ मध्ये हॉबिट हे नाव काढले गेले, ऑर्क राहिले. गायगॅक्स पुढे म्हणत राहिले, की टोल्किन यांचा आपल्यावर फारसा प्रभाव नाही. हे मला तरी पटत नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठे काहूर उठले. सैतानाची पूजा, मुलांच्या आत्महत्या असे आरोप झाले. ते टिकले नाहीत. पण एक दोष खरा होता. खेळाच्या १९७७ च्या पुस्तकात ऑर्क या अख्ख्या जमातीवर दुष्ट असा शिक्का मारलेला होता, म्हणजे दिसला की मारा, विचार नको. खुद्द टोल्किन यांना हा प्रश्न शेवटपर्यंत छळत होता. दुष्ट शक्तीला नवे निर्माण करता येत नाही, बिघडवता येते, अशी त्यांची श्रद्धा. मग ज्यांना आत्मा आहे ते सगळेच्या सगळे तारणापलीकडे कसे असतील? उत्तर त्यांनी अनेकदा लिहिले, खोडले, आणि ते अपुरेच राहिले. खेळाच्या प्रकाशकांनी २०२० साली जाहीर केले, की यापुढे ऑर्कांसारख्या जमाती माणसांइतक्याच बऱ्यावाईट दाखवू. ज्यांच्या पूर्वजांना कथांमधून राक्षस म्हटले गेले आणि ज्यांच्या आयाबहिणींना डाकीण म्हटले गेले, त्या आपल्या लोकांना हा बदल चटकन समजेल.

तेव्हा पालकांनी मुलांजवळ बसावे आणि तीनच गोष्टी विचाराव्यात : तुमच्या गोष्टीत शत्रू कोण, तो शत्रू का झाला, आणि त्याला सोडून दिले तर पुढे काय होते? चांगल्या सूत्रधाराकडे तिन्हींची उत्तरे लिहिलेली असतात. सोंग घेतले की त्याचे नियम पाळावे लागतात, हे आपल्याला परके नाही. काठीच्या होळीला बावा-बुध्या होणारे आधी काही दिवस कडक नेम पाळतात.

आणि मुलांनो, परदेशातले किल्ले आणि बर्फाचे डोंगर उसने आणण्याची गरज नाही. पहिला नकाशा तोरणमाळच्या तलावापासून काढा. तेथून खाली प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमापर्यंत, पावसाळ्यात पायी जायला किती दिवस लागतील, वाटेत कोणती गावे, कोणत्या नाल्याला पूर असेल, आणि संगमावरचा नावाडी कोणती भाषा बोलतो, हे घरातल्या आजोबांना विचारून लिहून काढा. फासे त्यानंतर हातात घ्या.