राजा अशोकाचा अनुताप

कर्म करावे जीवाने आणि दोष ठेवावा दैवावर, ही जगाची जुनी रीत आहे. विपत्ती आली म्हणजे देव कोपला म्हणावे. विजयात रक्ताचे पाट वाहिले तर ती देवाचीच इच्छा होती म्हणावे. राज्यकर्त्यांस ही पळवाट विशेष सोयीची. मौर्य राजा अशोक यास तर ती आयतीच होती. कारण देवांचा प्रिय या अर्थाचे ‘देवानांप्रिय’ हेच त्याचे बिरुद होते.

चंद्रगुप्ताचा नातू व बिंदुसाराचा पुत्र असलेला हा राजा इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास अभिषिक्त झाला. अभिषेकानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंग देश जिंकला. जय पूर्ण होता. जाब विचारणारा कोणी उरला नव्हता. असे असता त्या युद्धाचा हिशेब त्याने आपल्या तेराव्या शिलालेखात आपण होऊन मांडला. दीड लाख माणसे तेथून नेली गेली, एक लाख मारली गेली, आणि त्यांच्या कितीतरी पट मेली. पुढे जे लिहिले आहे ते याहूनही मोलाचे. जे जिवंत राहिले, पण ज्यांचे इष्टमित्र व आप्त दुःखात पडले, त्यांचा घावही त्याने आपल्याच खात्यावर मांडला. सेनापतीस बोल नाही, कलिंगवासीयांचा अपराध काढला नाही, ग्रहदशेचा उल्लेख नाही. जिंकले आपण, तेव्हा संतापही आपणच भोगावा, अशी ती दृष्टी आहे. जीव आपल्या कर्माचा कर्ता आहे हे मुखाने म्हणणारे पुष्कळ. शिळेवर आपलेच कर्म कोरविणारा विरळा.

अनुताप खरा की कोरडा, हे पुढील वर्तनावरून कळते. प्रजेचे काम केव्हाही, भोजनसमयी असो वा अंतःपुरात असो, आपणास कळवावे, अशी आज्ञा त्याने केली. निष्कारण कोणास बंदीत टाकू नये, असे कलिंगातील अधिकाऱ्यांस बजाविले. मत्सर, क्रोध, आळस व उतावीळपणा यांमुळे न्याय बिघडतो, हेही सांगितले. पाकशाळेत पूर्वी असंख्य जीव मारले जात. ते दोन मोर व एक हरीण एवढ्यावर आले, हरीणही नित्य नाही, असे त्याने लिहिले. सर्व हिंसा थांबली असे खोटे लिहिले नाही, हे विशेष.

तथापि त्याची थोरवी सांगताना उणे झाकू नये. कलिंगाचे राज्य त्याने परत दिले नाही. अरण्यवासी लोकांस अभयाबरोबर आपल्या सामर्थ्याची आठवणही त्याने दिली. तेरावा लेख गिरनार, कालसी, शाहबाजगढी येथे आहे. पण खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथील शिळांवर, तो कोरलेला नाही. आणि नेलेल्या त्या दीड लाख जीवांस पुन्हा घरी पाठविल्याचा उल्लेख त्याच्या कोणत्याही लेखात आढळत नाही.